मागच्या बाजूचा धागा

मुंबईच्या उपनगरात लोकरीचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. मुलुंड-बोरिवलीकडे जानेवारीतल्या चार पहाटा काय त्या गार असतात. सांताक्रूझच्या वेधशाळेतले नीचांकी म्हणून सांगितले जाणारे तापमान ७.४ अंश सेल्सिअस, आणि तेही जानेवारी १९६२ मधले. तरीही इथल्या घराघरांत, शिवणाच्या डब्यात तळाशी का होईना, विणकामाच्या सुयांची एक जोडी सापडते. बाळंतविड्यात लोकरीचे टोपडे आणि मोजे हवेतच. त्याच १९६२ च्या अखेरीस चीनशी युद्ध झाले, यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि देशभरच्या स्त्रियांनी हिमालयातल्या जवानांसाठी स्वेटर विणले. तेव्हा विणायला शिकलेल्या मुली आज आजी झाल्या आहेत.

अशाच एका शेजारच्या आजींकडे मी गेल्या पावसाळ्यात दोन रंगांचे विणकाम शिकायला बसले. मला सुलट आणि उलट हे दोन टाके येत होते. एका रंगाचा मफलर विणता येत होता. आजींनी चौकटीच्या कागदावर पांढऱ्या-निळ्या घरांचा एक नमुना काढून दिला. एक घर म्हणजे एक टाका. पांढरे घर आले की पांढऱ्या लोकरीने विणायचे, निळे आले की निळ्या. मी गणित शिकवते. चौकटीचा कागद माझ्या रोजच्या ओळखीचा, त्यामुळे हे सोपेच वाटले.

चार बोटे वीण झाली आणि ती आक्रसून गोळा झाली. समोरून नमुना बरोबर होता, एकही घर चुकले नव्हते. आजींनी वीण हातात घेतली, समोरून पाहिलीच नाही, थेट उलटी केली. "अगं, धागा ओढतेस कशाला? त्याचं काम नसेल तेव्हा तो मागून चालतोय. त्याला चालायला जागा नको?"

सगळे मर्म या वाक्यात होते. ज्या टाक्याला निळा रंग नको, त्या टाक्याच्या वेळी निळा धागा कुठे असतो? कागदावरच्या नमुन्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्यक्ष वस्त्रात मात्र धागा नाहीसा करता येत नाही. तो कुठेतरी असावाच लागतो.

दोन उत्तरे

या प्रश्नाची मुख्य उत्तरे दोन आहेत.

पहिले उत्तर: दोन्ही धागे ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर न्यायचे. ज्याची पाळी असेल तो समोर टाका होतो, दुसरा मागून मोकळा सरकत जातो. यात मागे धाग्यांचा दुसरा थर तयार होतो. दोन थरांमध्ये हवा अडकते आणि हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने असे वस्त्र जास्त उबदार होते. पण मागचा धागा फार लांब झाला तर बोट किंवा बांगडी त्यात अडकते, आणि ओढून घेतला तर वीण आक्रसते, जशी माझी आक्रसली. म्हणून दर थोड्या टाक्यांनी रंग बदलणारे नमुनेच या पद्धतीला मानवतात.

दुसरे उत्तर: प्रत्येक रंगाला त्याचा स्वतंत्र गुंडा द्यायचा. तो रंग आपल्या जागेपुरताच विणायचा आणि हद्द आली की तिथेच सोडायचा. शेजारचा रंग तिथून पुढे जातो. मात्र हद्दीवर दोन्ही धाग्यांना एकमेकांत पीळ द्यायला हवा, नाहीतर तिथे भोक राहते. यात मागे मोकळे धागे नसतात. मोठे फूल, एखादा पक्षी अशा ठळक आकृत्यांना ही पद्धत बरी.

हे समजले तेव्हा मला माझ्या आईची पैठणी आठवली, आणि एक हिमरू शालही आठवली. ही दोन्ही उत्तरे महाराष्ट्रात शतकानुशतके मागावर नांदत आलेली आहेत!

पैठणी आणि हिमरू

सुयांवरचे विणकाम आणि मागावरचे विणकाम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घेऊ. मागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकातून एक ओवत जातात, म्हणून ती वीण ताणली जाते आणि टोक सापडले तर सगळी उसवताही येते. मात्र रंगाचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

पैठणीच्या पदरावरचे मोर, पोपट, कमळे पाहा. पदर उलटा केला तरी मोर जवळजवळ तसाच दिसतो. कारण मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच आहे. विणकर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या वापरतो, त्यांना तिल्ल्या म्हणतात. एका आडव्या ओळीत जितके रंगांचे तुकडे, तितक्या तिल्ल्या. प्रत्येक रंग आपल्या हद्दीत जातो, शेजारच्या रंगात अडकवला जातो आणि परत फिरतो. हे आपले दुसरे उत्तर. यात वेग नाही. पदर जितका भरगच्च, तितके दिवस अधिक. पेशवाईत या वस्त्राला मोठा आश्रय होता. पुढे पैठणपेक्षा नाशिक जिल्ह्यातले येवले हे त्याचे मुख्य केंद्र झाले.

हिमरू औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर ही कला आली असे परंपरा सांगते. किनखाबासारखे दिसणारे, पण रेशमाबरोबर सूत वापरून केलेले हे वस्त्र. यात नमुन्याचा रंगीत बाणा जादा घातलेला असतो. तो जिथे हवा तिथे वर येतो, नको तिथे मागून मोकळा जातो. हिमरूची शाल उलटी केली की हे मोकळे रेशीम मऊ अस्तरासारखे हाताला लागते. हे आपले पहिले उत्तर.

एका जिल्ह्याच्या हद्दीत, पन्नासेक किलोमीटरच्या अंतराने, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शेकडो वर्षे शेजारी राहिली. आपण पैठणीचे मोर मोजले आणि हिमरूच्या वेलबुट्टीचे कौतुक केले. त्यांच्या पाठी मात्र फारशा कोणी वर्गात उलटून दाखवल्या नाहीत.

सुयांची वाट

सुयांवरच्या रंगीत विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमधून मिळाले आहेत. ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. मोजे आणि मोज्यांचे तुकडे, सुती धाग्याचे, पांढऱ्या आणि निळीच्या निळ्या रंगात. काहींवर अरबी अक्षरांसारखी नक्षी आहे. सगळे पहिल्या उत्तराने विणलेले, म्हणजे मागून मोकळा धागा. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या मोज्याचे रंग आणि मुलुंडमध्ये माझ्या हातात असलेले रंग एकच आहेत हे वाचून मला उगीचच आनंद झाला.

याच इजिप्तमध्ये, जुन्या कैरोतल्या फुस्तात या ठिकाणी, गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचेही असंख्य तुकडे मिळाले आहेत. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून त्या बाजारात कापड जात होते. विणकामही इथूनच गेले असा अर्थ यातून काढू नये. एवढे मात्र दिसते, की कापूस, नीळ आणि नक्षी यांची ये-जा कोणत्याही एका देशाच्या कुंपणात मावणारी नव्हती.

तिथून ही कला स्पेनमध्ये दिसते. १२७५ मध्ये मरण पावलेल्या फर्नांदो या राजपुत्राच्या थडग्यात दोन रंगांत विणलेल्या रेशमी उश्या सापडल्या. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखालच्या त्या उशीच्या काठावर अरबी लिपीत आशीर्वादाचा शब्द विणलेला आहे, कारण विणणारे हात मुसलमान कारागिरांचे होते.

युरोपात उलट टाक्याचा खात्रीचा पुरावा सोळाव्या शतकात मिळतो. १५६२ मध्ये मरण पावलेल्या टोलेडोच्या एलेनॉरचे मोजे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आज पहिल्याच दिवशी शिकवला जाणारा टाका इतका उशिरा का दिसावा? गोल गोल विणत गेले तर वीण सदैव समोरच राहते, सगळे टाके सुलटच पडतात. मोजे-टोप्या विणणाऱ्याला उलट टाक्याची गरजच पडत नाही. मलाही आजींनी शेवटी गोल विणायला लावले. नमुना सतत डोळ्यांसमोर राहिला आणि निम्मा गोंधळ संपला.

राजपुत्राचा स्वेटर

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध फेअर आइल नावाचे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. दोन रंगी विणकामाला आज जगभर या बेटाच्या नावाने ओळखतात. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचे एक जहाज या बेटावर फुटले, त्यातल्या खलाशांकडून बेटावरच्या बायका हे विणकाम शिकल्या अशी कथा फार लोकप्रिय आहे. जहाज फुटले हे खरे आहे, पण पुढच्या भागाला पुरावा नाही. गोड कथा आणि पुरावा यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवायला हे उदाहरण चांगले आहे.

बेटावरच्या विणकामाचा नियम साधा: वस्त्रात रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. त्यापेक्षा जास्त धागे मागून चालवणे हाताला जड जाते.

शेटलंड बेटांतल्या विणणाऱ्या बायकांची स्थिती मात्र सुखाची नव्हती. व्यापारी त्यांच्या मालाबद्दल रोख पैसे न देता चहा-कापडासारखे जिन्नस देत. या प्रथेची सरकारी चौकशी १८७२ मध्ये झाली, तेव्हा कित्येक बायकांच्या साक्षी नोंदवल्या गेल्या. शाल विणणारीला स्वतःच्या शालीची किंमत रोख मिळत नव्हती.

१९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने, पुढे काही महिन्यांपुरता राजा झालेल्या आठव्या एडवर्डने, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर फेअर आइलचा स्वेटर घातला आणि त्या नमुन्याची फॅशन आली. हा युवराज मुंबईला अपरिचित नाही. त्याच्या आधी थोडेच महिने, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, तो अपोलो बंदरावर उतरला होता आणि मुंबईने हरताळ पाळला होता. दुर्दैवाने दंगलीही उसळल्या, माणसे मेली आणि गांधीजींनी उपोषण केले. त्याच वर्षी ३१ जुलैला परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विलायती कापडाची मोठी होळी झाली होती.

एकाच माणसाच्या अंगावरच्या कपड्याचे हे दोन किनारे. तिकडच्या गरीब बेटावर त्याच्या स्वेटरमुळे विणणाऱ्या हातांना मागणी आली. इकडे त्याच्या साम्राज्याच्या गिरण्यांनी हातमाग बसवले, म्हणून लोक कापड जाळत होते. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: कापड कोणाच्या हातचे आणि त्या हाताला काय मिळाले?

नमुना लक्षात कोण ठेवतो?

हाताला काय मिळाले याचा आणखी एक अर्थ आहे. नमुना कोणाजवळ राहिला?

सुरुवातीला तो विणणारीच्या डोक्यात असे. गुंतागुंतीच्या वस्त्रांसाठी मागावर वरून दोऱ्यांची जाळी बांधून त्यात नमुना साठवत. कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलायचे हे त्या दोऱ्याच सांगत. जाळी बांधणाऱ्याचे ज्ञान अशा रीतीने दोऱ्यांत उतरले. सोळाव्या शतकात जर्मनीत भरतकामाचे चौकटींचे नमुने छापले जाऊ लागले. लिऑनमध्ये बुशाँने १७२५ मध्ये भोके पाडलेला कागद मागाला जोडला, आणि १८०४ मध्ये जॅकार्डने भोकांच्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तर धागा उचल, नसेल तर नको. चार्ल्स बॅबेजने ही पत्त्यांची कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी उचलली आणि अ‍ॅडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये मागाचे आणि त्या यंत्राचे साम्य दाखवून दिले. आपण संगणकाचा धडा शून्य आणि एकपासून सुरू करतो. तो पांढऱ्या आणि निळ्यापासूनही सुरू करता येईल.

लघु, गुरू आणि दोन रंग

आता मला सर्वांत आनंद देऊन गेलेली गोष्ट सांगते.

मागचा धागा लांबू नये म्हणून आजींनी मला एक कडक नियम घालून दिला होता: एकच रंग सलग दोन टाक्यांपेक्षा जास्त येऊ द्यायचा नाही. हात बसल्यावर तीन-चार चालतील, पण सध्या दोन. मी लोकलच्या बायकांच्या डब्यात बसून, मुलुंड ते घाटकोपर, वहीत घरे भरत होते. या नियमात बसणाऱ्या ओळी किती? ओळ निळ्याने सुरू होते असे धरू. एका टाक्याची ओळ एकच. दोन टाक्यांच्या दोन: निळा-पांढरा, निळा-निळा. तीन टाक्यांच्या तीन. चार टाक्यांच्या पाच:

नि पां नि पां
नि पां नि नि
नि पां पां नि
नि नि पां नि
नि नि पां पां

पाच टाक्यांच्या आठ. १, २, ३, ५, ८: प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज! विक्रोळी येईपर्यंत मला कारणही दिसले. ओळीचा शेवटचा तुकडा एक टाक्याचा असेल किंवा दोन टाक्यांचा. एकाचा असेल तर त्याआधी एक टाका कमी असलेली ओळ आहे, दोनाचा असेल तर दोन टाके कमी असलेली.

पण हे तर मराठीच्या तासाला शिकवतात! एक टाक्याचा तुकडा म्हणजे लघु, एक मात्रा. दोन टाक्यांचा तुकडा म्हणजे गुरू, दोन मात्रा. चार मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? पाच प्रकारे. हाच हिशेब छंदःशास्त्राच्या अभ्यासात विरहांकाने आणि सुमारे ११५० मध्ये गुजरातेत हेमचंद्राने मांडला होता. लिओनार्दो फिबोनाचीचा ससोट्यांचा प्रसिद्ध प्रश्न १२०२ मधला. म्हणजे आजींचा नियम पाळून विणलेली प्रत्येक ओळ हे एक मात्रावृत्त होते आणि मी नकळत वृत्ते विणत होते.

मी घरी येऊन आजींना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असेल. पण चौथी ओळ घेऊ नकोस, नमुना पुन्हा सुरू झाला की तीन निळे एकत्र येतील." मी तपासले. नि पां नि नि आणि नि नि पां नि या दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा विणल्या की सलग तीन निळे टाके येतात. गोल विणकामात शेवट सुरुवातीला भिडतो, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. पाचांपैकी तीनच ओळी टिकल्या. हे शास्त्र त्यांनी बोटांनी जाणलेले होते.

वर्गात काय करता येईल

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली: शिक्षण हस्तोद्योगाच्या माध्यमातून द्यावे. तकलीवर सूत काढताना गणित, भूगोल, इतिहास सगळे यावे. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत काय झाले हे आपण जाणतो. गणिताचा तास गणिताला आणि शिवण-विणकाम मुलींना. कार्यानुभवाचा तास परीक्षेच्या तोंडावर पहिल्यांदा कापला जातो. मीही तो अनेकदा मागून घेतला आहे, उदाहरणसंच पुरा करण्यासाठी.

आता मी सुया घेऊन बसले तेव्हा कितीतरी वर्षांनी पुन्हा 'ढ' विद्यार्थी झाले. सगळे कळते आहे आणि हात ऐकत नाही, ही अवस्था आपल्या मागच्या बाकावरच्या मुलांची रोजची असते. ती मी विसरले होते. तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी वीण उलटी केली तर मागचे धागे सैल, सारखे, शेजारी शेजारी पडलेले होते. नमुना पहिल्या दिवशीही बरोबर होता. आनंद झाला तो त्या दिवशी.

आठवी-नववीच्या वर्गात एक तास काढून हे करून पाहा. मुलगे-मुली सगळ्यांना चौकटीचे कागद द्या. ८ घरांची ओळ, दोन रंग, सलग दोनच्या वर एक रंग नको. अशा ओळी किती, ते गटांनी शोधू द्या. नियम सलग तीनपर्यंत सैल केला तर निळ्याने सुरू होणाऱ्या ओळींची संख्या १, २, ४, ७, १३ अशी वाढते. ती का, हे त्यांना सापडू द्या. ओळ गोल जोडली तर किती उरतात, हा प्रश्न वरच्या वर्गांना घालता येईल. मग घरून जरीची किंवा रंगीत काठाची साडी, शाल, स्वेटर, जे असेल ते आणायला सांगा. प्रत्येक वस्त्र उलटे करून पाहायचे आणि धागा मागून चालत गेला आहे की हद्दीवर परत फिरला आहे, ते वहीत लिहायचे.

आणि वर्गात कोणाची आजी विणत असेल, तर तिला एक दिवस बोलवा. फळ्याजवळची खुर्ची तिला द्या.